६५ वॉट की १७० वॉट? मोठा प्रोसेसर घ्या, पण लगाम आपल्या हातात ठेवा

तुमचं म्हणणं मला असं समजलं: दिवसभर कोड लिहिणं आणि कंपाइल करणं (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं), अधूनमधून व्हिडिओ एक्स्पोर्ट, रात्री थोडं गेमिंग. मशीन झोपायच्या खोलीत असल्यामुळे पंख्यांची घरघर नको आणि वीजही उगाच जायला नको. तेव्हा ६५ वॉटचा प्रोसेसर घेऊ की १७० वॉटचा, आणि ६५चा घेतला तर दोन वर्षांनी पस्तावेन का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) जास्त असलेला घ्या आणि त्याला वॉट कमी द्या. खोक्यावर किती वॉट छापलेत याला फार किंमत देऊ नका, कारण त्या आकड्याचा अर्थ दोन कंपन्यांकडे दोन वेगळे होतो.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ६५ वॉट टीडीपी (हाच तो खोक्यावरचा आकडा) लिहिलेलं असेल तर सॉकेटमधून तो प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. १७० वॉटवाला २३० पर्यंत जातो. या वरच्या मर्यादेला पीपीटी म्हणतात आणि ती साधारण टीडीपीच्या १.३५ पट असते. इंटेलचा आय७-१३७०० घ्या. त्याच्यावरही ६५च लिहिलंय, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, २१९ वॉटपर्यंत जायची त्याला अधिकृत मुभा आहे. म्हणजे ६५ आणि ६५ची तुलना करून निवड केलीत तर फसलातच. त्यात मदरबोर्डवाल्यांची वेगळी तऱ्हा. बरेच बोर्ड बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) मर्यादा थेट ४०९६ वॉट ठेवून यायचे. तेवढ्यात दोन रूम हीटर चालतील.

आता मुद्दा असा की शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ इतके महाग का पडतात. चिपमध्ये काम करताना जाणारी वीज ही फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि फ्रिक्वेन्सी वाढवायची तर एका टप्प्यानंतर व्होल्टेजही वाढवावंच लागतं. गणित करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, पण वास्तवापासून फार लांब नाहीत. एक कोर ५.५ गिगाहर्ट्झला १.३५ व्होल्टवर चालतोय. त्याला ४.६ गिगाहर्ट्झवर आणला आणि १.०५ व्होल्ट पुरले. वेग १६ टक्क्यांनी कमी झाला. वीज? व्होल्टेजच्या वर्गामुळे ती ०.६० पट झाली, फ्रिक्वेन्सीमुळे आणखी ०.८४ पट, म्हणजे जवळजवळ निम्मी. चिप थंड राहिल्याने नुसती गळणारी वीज कमी होते, ती वेगळीच. सहावा हिस्सा वेग सोडलात आणि अर्धी वीज वाचली. व्यवहार म्हणून वाईट नाही.

हे कागदावरचं वाटत असेल तर रायझन ९ ७९०० आणि ७९००एक्स शेजारी ठेवून बघा. दोन्हींत १२ कोर, घडण तीच. एकाचा टीडीपी ६५, दुसऱ्याचा १७०. आणि कमाल बूस्ट, म्हणजे सर्वाधिक वेग? ५.४ आणि ५.६ गिगाहर्ट्झ. सगळे कोर एकदम राबवले तर फरक याहून जास्त पडतो हे खरं, पण वॉटमध्ये जेवढा पडतो त्याच्या आसपासही जात नाही.

मग कंपन्या चिपला टोकाला का नेऊन ठेवतात? कारण वेगाच्या चाचण्यांच्या आलेखात ज्याची पट्टी चार टक्के लांब तो जिंकला, असा हिशोब आहे. हे आजचं नाही. २००४ साली पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झ आणि ११५ वॉटला पोचला आणि तिथेच अडकला, ४ गिगाहर्ट्झचा जाहीर झालेला नमुना रद्द करावा लागला. दोन वर्षांनी २.४ गिगाहर्ट्झच्या, ६५ वॉटच्या कोअर २ ड्युओने त्याला आरामात मागे टाकलं. गिगाहर्ट्झ बघून खरेदी करणाऱ्यांना तेव्हा बरंच समजावावं लागलं होतं.

तुमची खरी भीती, की वॉट कमी केले तर मशीन 'सुस्त' वाटेल. नाही वाटणार. ब्राउझर उघडणं, एडिटरमध्ये टाइप करणं, एखादी फाइल कंपाइल करणं ही एक-दोन कोरची कामं आहेत. एक कोर पूर्ण वेगात पळाला तरी सबंध पॅकेज, म्हणजे पूर्ण प्रोसेसर, तुम्ही घालाल त्या ८८ वॉटच्या मर्यादेच्या बरंच खाली राहतं. मर्यादा आडवी येते ती सगळे कोर एकदम कामाला लागतात तेव्हाच, म्हणजे तुमच्या बाबतीत पूर्ण बिल्ड (सगळा कोड एकदम कंपाइल करणं) आणि एक्स्पोर्ट.

तिथेही एक गंमत आहे. 'काम लवकर उरकून झोपी गेलेला प्रोसेसर कमी वीज खातो' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. चूक नाही, पण अर्धंच आहे. धरा, एक्स्पोर्टला २३० वॉटवर १० मिनिटं लागतात आणि ८८ वॉटवर १३. बाकीचं मशीन आणि मॉनिटर मिळून ६० वॉट. पहिल्या प्रकारात साधारण ४८ वॉट-तास गेले, दुसऱ्यात ३२. आता हावरटपणा करून मर्यादा ४५ वर आणली आणि काम २२ मिनिटांवर गेलं, तर ३८ वॉट-तास. म्हणजे पुन्हा वाढलेच! कारण बाकीचं मशीन तेवढा जास्त वेळ जळत बसलं. शिवाय चिपमधला मेमरी कंट्रोलर वगैरे भाग आपला ठरलेला हिस्सा घेतोच, त्यामुळे अगदी कमी मर्यादेत कोरांच्या वाट्याला उपासमार येते. सुवर्णमध्य मधे कुठेतरी असतो आणि तो आपल्या कामावर शोधावा लागतो.

गेमिंगचं थोडक्यात सांगतो. गेममध्ये प्रोसेसरचा बराच वेळ मेमरीतून डेटा यायची वाट बघण्यात जातो. म्हणून ९६ एमबी एल३ कॅशवाला (कॅश म्हणजे चिपमधलीच वेगवान मेमरी) रायझन ७ ७८००एक्स३डी टीडीपी १२० वॉट असूनही गेममध्ये त्याच्या बऱ्याच खाली राहतो आणि तरी वरचढ ठरतो. गेमच मुख्य असतील तर तो. तुमचं मुख्य काम कंपाइलचं दिसतंय, तेव्हा मी कोरांकडे झुकेन.

आता अंडरव्होल्टिंग. मर्यादा घालणं आणि व्होल्टेज कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकाच दमात बोलतात. मर्यादा घातलीत तर काहीही बिघडत नाही, फार तर काम हळू होईल. व्होल्टेज कमी केलंत तर चिप चुकू शकते. माझाच किस्सा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी कमी करायची रायझनची सोय) सगळ्या कोरना सरसकट उणे ३० देऊन टाकलं. रात्रभर सगळ्या कोरांवर ताण चाचणी लावली, एकही चूक नाही. खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन ईमेल वाचताना रीस्टार्ट. परवा पुन्हा, या वेळी तर मी चहा करायला उठलो होतो. आठवडाभर रॅम आणि पॉवर सप्लायवर संशय घेत बसलो. शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी सापडल्या, प्रत्येक वेळी तोच कोर. झालं होतं असं: सगळे कोर राबतात तेव्हा फ्रिक्वेन्सी कमी असते, त्यामुळे कमी व्होल्टेजही चालून जातं. मशीन निवांत असताना एकच कोर क्षणभर टोकाच्या वेगाला उसळतो आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. त्या एका कोरला उणे १० वर आणलं, बाकीच्यांना उणे २०, त्यानंतर तक्रार नाही. तेव्हा करायचंच असेल तर कोरागणिक, थोडं थोडं करा, आणि हलक्या कामात दोन आठवडे बघा. ज्या मशीनवर पोटापाण्याचं काम आहे तिथे नाही केलंत तरी चालेल. मर्यादेनेच बहुतेक फायदा मिळतो.

इंटेलकडे वळणार असाल तर एक सावधगिरी. १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या चिपना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होण्याचा दोष होता. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट आले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. या पिढ्यांची वापरलेली चिप विकत घेऊ नका. नवीन घेतलीत तर पहिल्या दिवशी आधी बायोस अपडेट करा, मग बाकीचं.

बिलाबद्दल मात्र तुम्ही चुकीच्या जागी बघताय असं मला वाटतं. रोज एक तास सगळे कोर राबले आणि तुम्ही १०० वॉट वाचवले, तर दिवसाला ०.१ युनिट वाचलं. मशीन चोवीस तास चालू आणि निवांत असताना ३० वॉट उगाच जात असतील, तर दिवसाला ०.७२ युनिट, वर्षाला साधारण २६३. ही खरी गळती. यात प्रोसेसरचाही हात असतो. वेगवेगळ्या चिपलेट (चिपचे सुटे तुकडे) जोडून केलेले रायझन निवांत असताना एकसंध चिपपेक्षा जास्त खातात, कारण त्यांचा आयओचा तुकडा, म्हणजे मेमरी आणि बाकी जोडण्या सांभाळणारा, कायम जागा असतो. रॅमला एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) लावलं की त्यात आणखी भर. दोन जास्त रिफ्रेश रेटचे मॉनिटर जोडले की काही ग्राफिक्स कार्डांची मेमरी खाली उतरायलाच तयार नसते. आणि विंडोजमध्ये 'हाय परफॉर्मन्स' प्लॅन लावून ठेवायची जुनी सवय असेल तर ती सोडा, 'बॅलन्स्ड'च ठेवा. रात्री मशीन स्लीपला टाकलंत तर वरचं सगळं गणित एका झटक्यात सुटतं, हेही आहेच.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? १२ कोरचा घेतला असता. ७९०० सारखा मिळाला तर उत्तम, ७९००एक्स स्वस्तात मिळाला तर तोही चालेल, कारण बायोसमध्ये पीबीओ या एएमडीच्या पॉवर सेटिंगखाली ६५ वॉटचा इको मोड निवडला की तो जवळपास ७९००च होतो. इंटेलच्या बोर्डवर याच कामासाठी लाँग आणि शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट अशा दोन नोंदी मिळतील, म्हणजे पीएल१ आणि पीएल२. कूलर मात्र लगाम लावलाय म्हणून लहान घेऊ नका. मोठा कूलर आणि कमी वॉट असले की पंखा इतका हळू फिरतो की रात्री ऐकूच येत नाही.

मशीन जुळलं की आधी काही न बदलता तुमच्या प्रोजेक्टचं क्लीन बिल्ड तीनदा करा, वेळ लिहून ठेवा, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये पॅकेज पॉवर बघा. मग १४२ वॉटवर (१०५ वॉट टीडीपीची पीपीटी) तेच. मग ८८ वर. भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॉटमीटर मिळाला तर आणखी चांगलं, कारण सॉफ्टवेअरमध्ये पॉवर सप्लायची गळती दिसत नाही. तिन्ही आकडे इथे टाका, तुमच्या बिल्डला ८८ पुरतात की १४२ लागतात ते मग बघू.