बर्लिनमध्ये एकट्याचा किराणा

ऑक्टोबरपासून तुम्ही बर्लिनमध्ये शिकायला येत आहात, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचे खाते, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दरमहा ९९२ युरो मिळतील आणि त्यातून खोलीचे भाडे व आरोग्यविमा गेल्यावर एकट्याचा किराणा कमीत कमी कितीत बसवता येईल, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि विम्याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती इथे पुन्हा लिहीत नाही. निघण्यापूर्वी मलाही हाच प्रश्न पडला होता आणि तो माझ्यापुरता अजून मिटलेला नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी एक सांगते. ते ९९२ युरो पहिल्याच महिन्यात हाती येतील, हे गृहीत धरू नका. माझ्या बँकेने इथल्या पत्त्याची नोंदणी मागितली, नोंदणीसाठी घरमालकाचे पत्र हवे होते, आणि त्या पत्रात एका ठिकाणी सही राहिली होती म्हणून कचेरीतल्या बाईंनी मला दोन मिनिटांत परत पाठवले. पुढची वेळ कित्येक आठवड्यांनंतरची मिळाली आणि तोवर माझ्याच नावावरचे पैसे मला काढता येत नव्हते. बाईंचे म्हणणे नियमाला धरून होते, पण माझा राग काही अजून गेलेला नाही. दीड-दोन महिन्यांच्या खाण्यापुरते पैसे वेगळे घेऊन या.

दुकानांचे म्हणाल तर आल्डी, लिडल, पेनी आणि नेटो ही स्वस्त म्हणून ओळखली जातात. मात्र एडेका किंवा रेवे घराजवळ असेल तर लांब जाण्याची गरज नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या साध्या ब्रँडचा माल, म्हणजे मैदा, रवा, दूध, साखर, जवळजवळ त्याच भावात मिळतो. तो बहुधा खालच्या फळीवर असतो, वाकून पाहावे लागते. भावाच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो, तोच वाचायचा. नळाचे पाणी उत्तम आहे, तेव्हा बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच, तर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते आणि ती दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की मिळते.

तूरडाळ भारतीय दुकानातच मिळते आणि महाग पडते. मसूर मात्र तुर्की दुकानात मोठ्या पाकिटात मिळतो. साबण-शॅम्पू विकणाऱ्या डीएमच्या फळीवरही तो असतो, याची मला सुरुवातीला फार गंमत वाटली होती. रोजचे वरण मसुराचे आणि सणाचे तुरीचे, असा माझा नियम आहे. उपम्यासाठी तुर्की दुकानातला ‘इर्मिक’ लिहिलेला रवा घ्या. बिनमिठाचे लोणी आणून तूप घरीच कढवावे. ‘मागरक्वार्क’ नावाचे आंबूस, बिनसायीचे चक्क्यासारखे जे मिळते, ते रात्रभर फडक्यात टांगून ठेवले तर पाडव्याचे श्रीखंड फारच थोड्या पैशांत होते. कोथिंबीरही तुर्की दुकानातलीच घ्यावी, कारण सुपरमार्केटच्या इवल्याशा जुडीत दोन दिवसांची आमटीसुद्धा निभत नाही. बर्लिनच्या नॉयकोल्न भागात मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तो उठायच्या सुमारास भाजीचे भाव झपाट्याने उतरतात.

खरी अडचण इथूनच सुरू होते. उतरत्या भावाने मिळते ती परडीभर भाजी, आणि खाणारे आपण एकटे. सामायिक घरात फ्रीजची एक फळी आणि फ्रीझरचा एक खण आपल्या वाट्याला येतो, त्यामुळे साठवण्यालाही मर्यादा असते. मी पांढरा कोबी, गाजर, बटाटे आणि कांदा यांवर हिवाळे काढले, कारण हे टिकते: अख्ख्या कोबीची आधी कोशिंबीर, मग भाजी आणि उरलेला थालीपिठात. पण स्वस्त किराणा घरात असूनही तो शिजवायची इच्छा होत नाही, हे एकट्या माणसाच्या खर्चाचे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. एका माणसासाठी कणीक भिजवायची, तीन पोळ्या लाटायच्या आणि ओटा पुसायचा, या विचारानेच हात मोबाईलवरच्या ऑर्डरकडे जातो. तसे व्हायला लागले की मी मेतकूट-भात खाते.

याला जोडून एक गोष्ट सांगायला हवी. विद्यार्थिदशेत मी सोबतच्या मुलींची जेवणाची आमंत्रणे टाळत असे, कारण रिकाम्या हाताने जाता येत नव्हते आणि नंतर त्यांनाही बोलवावे लागले असते. ते चुकले असे मी म्हणणार नाही; पैसे खरोखरच नव्हते आणि घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोळ्यांसमोर होते. पण किराण्याच्या हिशेबात जी बचत दिसत होती, ती त्या टाळलेल्या आमंत्रणांतून आलेली होती, हे मला ठाऊक आहे. आता पगार बरा आहे, तरी फ्लॉवरचा भाव पाहून मनात रुपये मोजले जातात आणि पुष्कळदा मी तो परत ठेवते. याला काटकसर म्हणावे की भीती, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला जमले तर आठवड्यातून दोनदा तरी कोणाबरोबर मिळून स्वयंपाक करा. मोठ्या पाकिटातला तांदूळ आणि बाजारातली परडी दोघांत नीट संपते.

दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मुदत संपत आलेल्या मालावर सवलतीच्या चिकट्या लागतात; त्या वेळी ब्रेड आणि दही घ्यावे. सामानात गोडा मसाला, हिंग, आमसुले आणि मेतकूट भरा. कुकर आणा, नाहीतर छोले, राजमा शिजवलेले, डब्यातले घ्यावे लागतात. मात्र खोलीत इंडक्शन शेगडी आहे का, हे घरमालकाला आधी विचारा, कारण तिच्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. शिट्टी आणि रबरी रिंग एकेक जास्तीची ठेवा.