"मॅडम, मला जास्त मार्क आणि तिला जास्त पर्सेंटाइल, हे कसं काय?"

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की जूनमधे माझ्याकडे हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. या वेळी आई आणि लेक आल्या होत्या. लेक बोलतच नव्हती, मोबाईल तेवढा पुढे केला, त्यात मैत्रिणीच्या स्कोअरकार्डाचा स्क्रीनशॉट, शेजारी हिचा. उत्तरं ताडून मोजलेले मार्क हिचे 200 पैकी 112 आणि पर्सेंटाइल 92.4, मैत्रिणीचे 106 आणि 93.1. आई म्हणाली, सरळ सरळ घोळ आहे, तक्रार कुठे करायची ते सांगा.

ही परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमधे होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो, म्हणून मी विचारलं, शिफ्ट एकच होती का? नाही, हिची सकाळची, मैत्रिणीची दुसऱ्या दिवशी दुपारची. मग पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं. समजा तुझ्या शिफ्टला 20,000 मुलं बसली आणि त्यातल्या 18,480 जणांना तुझ्याएवढे किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क पडले, तर 18,480 भागिले 20,000 गुणिले 100, म्हणजे 92.4, झालं तुझं पर्सेंटाइल. तिच्या शिफ्टला पेपर अवघड गेला असेल, सगळ्यांचेच मार्क घसरले, म्हणून 106 वर पण ती जास्त मुलांच्या वर गेली. तिचे 106 आणि तुझे 112 हे एका पट्टीवरचे आकडेच नाहीत गं.

आता खरं सांगायचं तर मुलीची शंका अगदीच वेडी नव्हती. या हिशोबात एक गोष्ट धरून चाललेली असते, की दोन्ही शिफ्टला साधारण सारखीच मुलं आलीत. एका शिफ्टला योगायोगाने हुशार मुलं जास्त जमली तर सूत्राला ते कळत नाही, ते पेपर सोपा होता असंच समजणार. हजारोंच्या गर्दीत असा फरक बराचसा बुजतो, पण दशांशानंतरचे सात आकडे बघून ते अगदी तंतोतंत आहे असं मी तरी कोणाला सांगत नाही. अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी सॅट परीक्षा असते, तिच्यात प्रश्न आधीच मुलांवर तपासून किती अवघड ते मोजून ठेवतात, किंवा काही परीक्षांत दोन्ही पेपरात थोडे सारखे प्रश्न टाकून तुलना करतात. आपल्याकडे सकाळचा प्रश्न दुपारी परत टाकला तर जेवायच्या सुट्टीतच तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला असेल!

आईचा आणखी एक गोंधळ होता, ती नातेवाईकांना "92 टक्के पडले" सांगत होती. म्हटलं काकू, टक्के 56 आहेत, पण ते आता कोणी विचारणार नाही. कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीला, मेरिट नंबर लागतो तो पर्सेंटाइलवर.

मग तक्रारीचा विषय बाजूला ठेवून मागच्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत 92 च्या आसपासची कॉलेजं शोधत बसलो, मुलगी तेव्हा कुठे बोलायला लागली, ही ब्रँच नको, ते लांब आहे, वगैरे. निघताना आई दारातून परत वळली, "शिफ्ट आपल्याला मागून घेता येते का हो? धाकटा अकरावीला आहे."