वाचकांचे प्रश्न : निदान शिकण्यासाठी घेतलेले रुग्णाचे सोंग

या महिन्याच्या टपालातील चार पत्रे, लिहिणारे एकमेकांना अनोळखी असूनही, एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी गट करून, आळीपाळीने रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर होऊन निदान करायला शिकतात, तो हा विषय. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुटीला घरी आली की सांगते, 'काल मी रुग्ण झाले होते आणि माझी मैत्रीण माझी सासू झाली होती.' पाच-सहा जणांनी मिळून रोग ओळखायचा असतो म्हणे. आमच्या गावचे जुने डॉक्टर नुसता नाडीला हात लावून आजार सांगत. एवढा पैसा खर्च करून पोरांनी वॉर्डात जायचे सोडून नाटके करावीत, हे मला पटत नाही. (एक पालक, कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : आपल्या गावच्या डॉक्टरांपासूनच सुरुवात करतो. त्यांनी नाडीला हात लावला असेल, पण निदान केवळ त्या हाताने झालेले नसावे. ज्या घरातल्या तीन पिढ्यांना त्यांनी औषध दिले, त्या घरात कोणाला साखर आहे, कोण पितो, कोणाची सून माहेरून परत आलेली नाही, कोण गोठ्यात झोपतो, हे सारे त्यांना रुग्ण दारात येण्याआधीच ठाऊक असे. नव्या विद्यार्थ्यापुढे बसलेला माणूस त्याला पूर्ण अनोळखी असतो, आणि जे त्या डॉक्टरांना तीस वर्षांच्या ओळखीने मिळाले होते ते या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत, प्रश्न विचारून, मिळवायचे असते. आपली कन्या सासू-सुनेचे सोंग घेऊन शिकते ते हे विचारणे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय यात काय घडते ते कळणार नाही. मी विद्यार्थ्यांना एक प्रसंग देतो. आषाढाचा शेवट आहे. वस्तीवर राहणाऱ्या तिशीतल्या शेतकऱ्याला त्याचा भाऊ सकाळी सात वाजता मोटारसायकलवर बसवून घेऊन आला आहे. पहाटेपासून पोटात कळ येते, दोन उलट्या झाल्या, घसाही दुखतो. भाऊ आपण होऊन सांगतो की काल आखाडाचे मटण झाले होते. रुग्ण झालेल्या विद्यार्थ्याला मी एक कार्ड दिलेले असते. विचारल्याशिवाय एकही गोष्ट सांगायची नाही, पापण्या अर्ध्या मिटलेल्या ठेवायच्या आणि घोटभर पाणी दिले तर ते गिळताना अडखळायचे, एवढ्या सूचना त्यावर असतात. समोरच्या गटात एक जण प्रश्न विचारतो, एक जण तपासतो, एक जण लिहून घेतो, आणि एकाकडे केवळ शंका काढण्याचे काम असते.

बहुतेक गट मटणावर अडकतात. अन्नातून विषबाधा झाली असे ठरते, सलाइन लावायचे ठरते, पापण्यांकडे पाहून 'रात्रभर झोप नाही बिचाऱ्याला' असे कोणीतरी म्हणते आणि वही मिटते. शंका काढणाऱ्याने आपले काम नीट केले, तर तो विचारतो की हेच मटण खाल्लेल्या घरातल्या बाकीच्यांना काही झाले का. कोणालाच काही झालेले नसते. मग कोणीतरी विचारते, 'रात्री कुठे झोपला होता?' उत्तर येते, 'खाली, वाकळ टाकून.' 'एकाचे दोन दिसते का?' 'होय, मघापासून.' आता पापण्यांचा अर्थ बदलतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही, आणि पोटदुखी, उलटी, घशाचा त्रास यांनी सुरू झालेली गोष्ट काही तासांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. रुग्णाला साप दिसलेलाच नसतो, त्यामुळे तो सापाचे नाव काढणार नाही. काही सापांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून 'नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठते, म्हणजे विष नाही' असेही कोणी म्हणतो. तेही चूक, कारण मण्यारीचे विष रक्तावर नव्हे, नसा आणि स्नायू यांच्या जोडावर काम करते.

नाटक दहा मिनिटांचे आणि त्यानंतरची चर्चा अर्ध्या तासाची असते. खरे शिक्षण त्या अर्ध्या तासात होते. मटण हा शब्द ऐकल्यावर आपण कोणते प्रश्न विचारायचे थांबलो, हे प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. पहिले पटण्यासारखे निदान सापडताच विचार थांबवणे, हा दोष जगभरच्या डॉक्टरांत आहे. अमेरिकेतील डॉ. मार्क ग्रेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निदान चुकलेल्या 100 घटना तपासून 2005 साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यात विचारपद्धतीच्या चुकांमध्ये हीच चूक सर्वांत अधिक आढळली. ज्ञान कमी पडल्यामुळे झालेल्या चुका त्या मानाने फारच थोड्या होत्या. अशी चूक वर्गात झाली तर कोणी दगावत नाही, एवढे एक कारण या सोंगासाठी मला पुरेसे वाटते.

ही पद्धत कालपरवाची नाही. लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 साली एका निरोगी व्यक्तीला मज्जासंस्थेच्या रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले, तेव्हा वैद्यकशास्त्रात हॉलिवूड घुसले अशी थट्टा झाली होती. म्हणजे आपला आक्षेप साठ वर्षांपूर्वी तिकडेही घेतला गेला होता. आपल्याकडे 2019 साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात रुग्णाशी बोलणे, संमती घेणे, वाईट बातमी सांगणे यांचे शिक्षण पहिल्या वर्षापासून बंधनकारक झाले आणि त्यासाठी भूमिका करून पाहणे हा रीतसर मार्ग ठरला.

आपल्या एका वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. वॉर्डात जायचे सोडून हे होत असेल तर ते चूक आहे. सोंग घेणारा विद्यार्थी हृदयाच्या झडपेचा आवाज काढू शकत नाही, वाढलेली पानथरी बोटाला लावू शकत नाही, की न्यूमोनियाची करकर छातीतून ऐकवू शकत नाही. त्यासाठी खाटेजवळच उभे राहावे लागते. कन्येला एकदा विचारून पाहावे की आठवड्यातले किती तास ती रुग्णांजवळ असते. ते तास कमी झाले असतील तर आपली तक्रार रास्त आहे.

प्रश्न : आदरणीय सर, आमच्या सहा जणांच्या गटात दोघे अस्खलित इंग्रजीत बोलतात आणि निदान त्यांचेच ठरते. मी मराठी माध्यमातून आलो आहे. मला उत्तर येत असते, पण मी तोंड उघडेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. अशा गटात शिकण्यापेक्षा एकट्याने वाचलेले बरे, असे वाटू लागले आहे. (एक विद्यार्थी, मिरज)

उत्तर : तुझ्या गटात दोष आहे, पण तो गटाने शिकण्याचा नव्हे, गट चालवण्याचा आहे. ओक्लाहोमा विद्यापीठातील लॅरी मायकेलसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस संघाने शिकण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात क्रम ठरलेला आहे : तेच प्रश्न आधी प्रत्येकाने एकट्याने, कोणाशी न बोलता सोडवायचे, उत्तरपत्रिका द्यायची, आणि मगच गटाने चर्चा करून एक सामाईक उत्तर ठरवायचे. हा क्रम गाळला की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. तुमच्या शिक्षकांना विनंती कर की चर्चेपूर्वी प्रत्येकाने कागदावर तीन शक्य निदाने आणि त्या प्रत्येकाच्या विरोधात जाणारी एक गोष्ट लिहावी, आणि वाचन सर्वांत गप्प असणाऱ्यापासून सुरू व्हावे. विनंती करायला संकोच वाटत असेल तर निदान तू स्वतः लिहीत जा. हातात कागद असला की माणूस वाचून तरी दाखवतो.

आता तुझ्या मराठीविषयी. ती तुला उणीव वाटते, हे वाचून मला थोडा रागच आला. ओपीडीत बाई सांगते, 'चक्कर येते.' वहीत एक इंग्रजी शब्द उतरतो आणि प्रकरण संपते. त्या चक्करचे किमान तीन अर्थ आहेत : घर गरगर फिरणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो की काय असे वाटणे, आणि नुसता तोल जाणे. पहिल्याचा शोध कानाकडे आणि मेंदूच्या मागच्या भागाकडे जातो, दुसऱ्याचा हृदयाकडे, रक्तदाबाकडे किंवा कमी झालेल्या रक्ताकडे, आणि तिसऱ्याचा पायांच्या नसांकडे. 'अंगावरून जाते' म्हणणारीला पांढरे की लाल हे विचारावेच लागते. 'छातीत गॅस अडकलाय' म्हणणारा पन्नाशीचा मधुमेही माणूस गॅसचा रुग्ण आहे असे गृहीत धरणाऱ्याने त्याचा ईसीजी काढलेला नसतो. 'मुंग्या येतात', 'हातपाय गळाले', 'कसंनुसं होतंय', 'जीव घाबरा होतो' या शब्दांचे पुस्तकी इंग्रजी करण्यापूर्वी ते उलगडावे लागतात, आणि ते उलगडणारा तुमच्या गटात बहुधा तूच आहेस. परराज्यातून आलेल्या तुझ्या सहाध्यायांना या शब्दांची यादी करून दे. रुग्णाची भूमिका वाट्याला आली की पाठ्यपुस्तकातला रुग्ण होऊ नकोस. तुझ्या आजीसारखे बोल.

मिरजेत आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग करा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तेथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून सीमेपलीकडचा रुग्ण मिरजेला येत आला आहे. कानडी बोलणारी आजी खाटेवर, तिचे उत्तर मराठीत सांगणारा नातू शेजारी, आणि आजी दोन मिनिटे बोलल्यावर नातू म्हणतो, 'काही नाही, पोट दुखतंय म्हणते.' हा प्रसंग गटात बसवा. गटात कानडी येणारा कोणी असेल तर त्याला आजी करा, तुझ्याकडे नातू घे, आणि डॉक्टर झालेला विद्यार्थी त्या दोन मिनिटांतले हरवलेले बोलणे परत कसे मिळवतो ते पाहा. नातवासमोर आजी ज्या गोष्टी सांगणार नाही त्यांचे काय करायचे, यावर तुमची चर्चा बराच वेळ चालेल.

प्रश्न : एवढी सगळी यंत्रे आली असताना बोलण्याचे शिक्षण कशाला हवे? रक्त तपासावे, एमआरआय काढावा, निदान मिळते. (एक वाचक, वाई)

उत्तर : कोणत्या अवयवाचा एमआरआय काढायचा, हे यंत्र सांगत नाही. इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 1975 साली 80 नव्या बाह्यरुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा 66 जणांचे अंतिम निदान केवळ पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाची हकिकत यांवरून आधीच ठरलेले होते. अंगतपासणीने सात जणांचे आणि चाचण्यांनी सात जणांचे निदान बदलले. त्यानंतर यंत्रे फार सुधारली हे खरे. पण वरच्या मण्यारीच्या प्रसंगात पोटाची सोनोग्राफी केली असती तर ती निर्दोष आली असती, आणि रुग्ण घरी गेला असता.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय 64. ओळखीच्या एका डॉक्टरीण बाईंनी विद्यार्थ्यांसाठी 'रुग्ण' म्हणून याल का, असे विचारले आहे. हौशी रंगभूमीवर मी पूर्वी कामे केली आहेत. जावे की नाही, आणि गेल्यास काय काळजी घ्यावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अवश्य जावे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभे केले, त्या गावातून याला नकार येऊ नये. मात्र रंगभूमीची सवय इथे थोडी आडवी येते, हे आधी सांगून ठेवतो. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागते. इथे समोरच्या विद्यार्थ्याने नीट विचारले तरच, आणि विचारले तेवढेच, बोलायचे असते. सकाळी पहिल्या विद्यार्थ्यासमोर वेदना जेवढी दाखवली तेवढीच दुपारी अकराव्या विद्यार्थ्यासमोर दाखवावी लागते, कारण परीक्षेत सर्वांना सारखा रुग्ण मिळायला हवा. डंडी विद्यापीठातील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली मांडलेली, ठरावीक मिनिटांच्या टेबलांची परीक्षा आता सर्वत्र रुळली आहे, आणि तिच्यात आपल्यासारख्यांना बसावे लागते. तिथे रंग भरून चालत नाही.

काळजीच्या गोष्टी तीन-चारच आहेत. आपल्याला लिखित हकिकत आधी द्यावी, असा आग्रह धरावा : वय, घरात कोण, कधीपासून काय होते, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर. कोठे हात लावला जाईल आणि कोठे नाही, हे आधी ठरवून घ्यावे. अंतर्गत तपासण्या पुतळ्यांवरच होतात. घरात नुकतेच एखादे दुःख घडले असेल तर त्याच आजाराची भूमिका घेऊ नये. खोटी खोटी वाईट बातमी दिवसभर ऐकून माणूस खरोखर थकतो, म्हणून काम संपल्यावर भूमिकेतून बाहेर येण्यासाठी थोडा वेळ मागून घ्यावा, आपले खरे नाव मोठ्याने सांगावे, चहा घ्यावा आणि मग घरी निघावे.

शेवटी विद्यार्थ्याला आपण अभिप्राय द्यायचा असतो, आणि तिथे आपले शिक्षिकापण बाजूला ठेवावे लागेल. त्याचे निदान बरोबर की चूक हे शिक्षक पाहतील. आपण रुग्ण म्हणून काय वाटले तेवढेच सांगावे : 'मी नवऱ्याविषयी बोलू लागले तेव्हा तुम्ही घड्याळ पाहिलेत, मग मी रात्रीच्या घामाचे सांगितलेच नाही.' रात्रीचा घाम हा क्षयाचा धागा होता हे त्याला तेव्हा कळते, आणि पुस्तकातून वाचले असते तर राहिले नसते तितके ते लक्षात राहते. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च मिळणार का, हेही बाईंना आधीच विचारून घ्यावे. ओळखीतले काम आहे म्हणून विचारायला लाजू नये.