वाचून दाखवणं थांबवू नका

ताई, आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. इंग्रजी पुस्तकांचा नुसता फडशा पाडते, दर शनिवारी लायब्ररीतून पिशवीभर पुस्तकं आणते. मराठी तिला छान समजतं, आजीशी बोलतेही. रविवारच्या मराठी शाळेत अक्षरओळख झाली आहे, अडखळत का होईना वाचते. पण घरात मराठी पुस्तक पुढे केलं की "आई, नको ना" सुरू. शेवटी रोज पंधरा मिनिटं मराठी वाचायचंच असा नियम केला, तर रोज रडारड. जबरदस्ती करावी की नाद सोडून द्यावा?
– एक आई, मिसिसागा, कॅनडा

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: मुलगी आजीशी मराठीत बोलते. भाषा तिच्या कानात आहे, जिभेवर आहे. आता उरलं आहे ते पुस्तक.

जरा तिच्या जागी बसून बघा. इंग्रजीत ती तीनशे पानांच्या कादंबऱ्या वाचते. त्यात रहस्यं असतात, जिवलग मैत्रिणींची भांडणं असतात. मराठीत मात्र तिला झेपेल म्हणून जे हातात येतं, ते चार ओळींचं, मनीमाऊ आणि चेंडूचं. तिला रस वाटेल असं मराठी पुस्तक तिला अजून वाचवत नाही आणि जे वाचवतं त्यात तिच्यासाठी काही नाही. मधल्या मध्ये ती अडकली आहे. म्हणूनच ती रडते. तिला आळशी किंवा हट्टी समजू नका.

ही दरी पंधरा मिनिटांच्या नियमाने बुजत नाही, ती तुमच्या आवाजाने बुजते. तिला वाचून दाखवा. नऊ वर्षांची झाली तरी, इंग्रजी स्वतः वाचत असली तरी.

हे मी ठामपणे सांगते, कारण थोरल्याच्या वेळी मी नेमकं उलटं केलं. सातव्या वर्षी तो इंग्रजी भराभर वाचू लागला आणि मला वाटलं, झालं, आता याला वाचून दाखवायची गरज संपली. रात्रीची गोष्ट बंद झाली आणि तिच्याबरोबर घरातलं मराठी पुस्तकही बंद झालं. इंग्रजी पुस्तकं त्याला शाळा देत होती, लायब्ररी देत होती, मित्र देत होते. मराठी पुस्तक देणारी फक्त मी होते आणि मीच हात काढून घेतला. त्याची हळहळ मला आजही वाटते. धाकटीला मग ती बारा वर्षांची होईपर्यंत मी वाचून दाखवलं.

काय वाचावं? तिच्या वाचनाच्या नव्हे, तिच्या समजुतीच्या वयाचं. आमच्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फार चालला. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, त्याची सायकल आणि त्याचं ते 'ट्टॉक'. पुणं कधी न पाहिलेल्या मुलांनाही तो आपला वाटतो. दुसरी युक्ती म्हणजे तिला आधीच माहीत असलेली गोष्ट मराठीतून वाचणं. हॅरी पॉटर मराठीत आला आहे. जूल व्हर्न तर भागवतांनीच कधीचा मराठीत आणला. कथानक ठाऊक असलं की अनोळखी शब्दांची भीती राहत नाही.

वाचताना शब्दार्थांसाठी थांबू नका. माजघर, फडताळ, सारवलेलं अंगण यातलं काहीच तुमच्या घरात नाही. तिने विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. नाही विचारलं तर तसंच पुढे जा. तोच शब्द आणखी दोन गोष्टींत भेटला की त्याचा अर्थ तिला आपोआप लागतो. आणि "मग काय झालं सांग बघू?" असं विचारून परीक्षा तर मुळीच घेऊ नका. त्या एका प्रश्नाने गोष्टीचा अभ्यास होतो.

धाकटी आठ वर्षांची असतानाची एक संध्याकाळ सांगते. गोष्टीत पोरं डोंगरात वाट चुकली होती आणि मी भाजी लागू नये म्हणून उठले. परत आले तर ती पुस्तकात डोकं घालून बसलेली, बोट एका शब्दाखाली. "आई, सह्याद्रीत समुद्र कुठून आला?" पानावर होतं 'खोल दऱ्या', तिने वाचलं होतं 'दर्या'. मंडळाच्या गणपतीत कोळीगीतावर नाचलेली पोर. दर्या म्हणजे समुद्र हे तिला पक्कं माहीत. मग आम्ही दोघी कागदावर र काढत बसलो: सूर्यातला डोक्यावरचा, चक्रातला पायाशी तिरका, ट्रकमधला छपरासारखा आणि दऱ्यांमधला ती छोटीशी रेघ होऊन बसलेला. भाजी लागलीच त्या दिवशी. पण र ती पुन्हा कधी विसरली नाही.

लिपीचं तुम्ही फार मनावर घेऊ नका. वाचायचं कसं हे तिला इंग्रजीमुळे येतंच, फक्त चिन्हं नवी आहेत. चहातला च आणि चाकातला च लिहायला एकच, म्हणायला वेगळा. पण दोन्ही शब्द तिने घरात ऐकलेत, त्यामुळे जीभ बरोबर वळते. खरं घोडं अडतं जोडाक्षरांशी. त्यासाठी 'चिंटू'च्या चित्रपट्ट्या उत्तम. 1991 साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या या पट्ट्यांचे संग्रह पुस्तकरूपात मिळतात. तीन-चार चौकटी, घरात बोलतो तशी वाक्यं, आणि शेवटी हसू आलं की समजायचं, वाचता आलं.

पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार मात्र आता फारशी खरी राहिली नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. फुकट उतरवून घेता येतात, छापताही येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक नेटवर मोफत वाचायला मिळतात. तुम्ही स्वतः नऊ वर्षांच्या होतात तेव्हाचा अंक शोधून काढा. "हे मी तुझ्याएवढी असताना आलं होतं" म्हटलं की ती नक्की डोकावेल. आपली आई लहान होती यावर मुलांचा आधी विश्वास बसत नाही आणि मग कुतूहल आवरत नाही.

आजीलाही यात घ्या. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक आजीकडे, एक तुमच्याकडे. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का, शाळा काय म्हणते" एवढ्यावर गाडी थांबते, त्याऐवजी रोज दोन पानं. आजीने वाचायचं, नातीने आपल्या प्रतीत बोट फिरवायचं. आजीचा चष्मा सापडत नसेल त्या दिवशी नातीने वाचायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणार असाल तर एक दिवस भिलारसाठी ठेवा. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव, 2017 पासून 'पुस्तकांचं गाव'. लोकांच्या राहत्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात, कुणाकडे बालसाहित्य, कुणाकडे इतिहास. कुणीही यावं, बसावं, वाचावं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस कोसळत असतो, त्यामुळे घरात बसून वाचण्यावाचून दुसरं काही सुचतही नाही. मराठी पुस्तक म्हणजे फक्त आईचा हट्ट नव्हे, अख्खं गाव त्यात रमतं, हे तिला डोळ्यांनी दिसू द्या.

तेव्हा जबरदस्ती नको आणि नादही सोडू नका. पंधरा मिनिटांचा नियम आजच मोडीत काढा आणि तिला तसं सांगूनही टाका. तीच पंधरा मिनिटं आता तुमची. दिवा मंद करून, तिच्याच पलंगावर बसून तुम्ही वाचायचं. ती मध्येच झोपली तर खूण घाला आणि पुस्तक तिच्या उशाशीच राहू द्या, दिवाणखान्यातल्या कपाटात नेऊन ठेवू नका.