दोन आज्या आणि एक बाप्तिस्मा

प्रिय मावशी, सलाम.

माझं माहेर नगरचं, पिढ्यानपिढ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. सासर डहाणूकडचं, जुन्या ब्रदरन मंडळीतलं. दोन्ही घरं आता सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचीच, म्हणून लग्नात कुणालाच काही खटकलं नाही. आता आमची मुलगी सात महिन्यांची आहे. आई रोज फोनवर विचारते, बाप्तिस्मा कधी? सासूबाई म्हणतात, आता नुसतं समर्पण करा, बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवा. बाप्तिस्मा ती मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा, आणि तोही पाण्यात बुडवून. परवा म्हणाल्या, "तुझा तरी काय बाप्तिस्मा झाला? कपाळाला पाणी लावलं एवढंच." नवरा गप्प बसला. त्यालाही त्यांचंच पटतं. आई म्हणते, नाताळला बाळाला घेऊन एकटी ये, पाळकांना घरी बोलावून उरकून घेऊ, तिकडे सांगायची गरज नाही. मुलगी जन्मली तेव्हा नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. त्या रात्री आठवल्या की वाटतं, आईचं ऐकावं. एकाच चर्चमध्ये दोन रीती कशा? खरी कुठली?
— दोन आज्यांमधली आई

सलाम, लेकी.

आधी नाताळच्या बेताचं बोलते, कारण घाई तेवढ्याच गोष्टीची आहे. तो बेत सोडून दे. तुझ्या आईचा जीव नातीत गुंतलाय हे मला कळतं. पण बापाला अंधारात ठेवून त्याच्या लेकीचा बाप्तिस्मा केलास, तर ते आज ना उद्या उघड होईल. मग भांडण बाप्तिस्म्याचं राहणार नाही, तुम्हा दोघांमधल्या विश्वासाचं होईल. शिवाय बाळाच्या बाप्तिस्म्यात आईबाप मंडळीपुढे उभे राहून वचन देतात, आणि मंडळीही त्या लेकराला प्रभूच्या वाटेवर वाढवायला हातभार लावण्याचं कबूल करते. ज्या विधीचा अर्धा जीव सगळ्यांसमोर दिलेल्या या शब्दात आहे, तो दार लावून केला तर मागे काय उरतं? सासूबाई म्हणाल्या तेच, कपाळाला लावलेलं पाणी. तुझ्या लेकीला यापेक्षा जास्त मिळायला हवं.

आता तुझा प्रश्न. एकाच चर्चमध्ये दोन रीती कशा?

तुझं चर्च जन्मलं ते नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी. त्या दिवशी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. यासाठीची बोलणी लखनौला 1929 साली सुरू झाली होती. म्हणजे एकत्र यायला चाळीस वर्षांहून जास्त काळ लागला, आणि ज्या मुद्द्यांनी वाट अडवली त्यातला एक मोठा मुद्दा तुझ्या घरात आज चाललेलाच होता.

सहापैकी तीन मंडळ्या बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या होत्या. अँग्लिकन, मेथडिस्ट, आणि तिसरी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. या तिसरीत 1924 साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या होत्या, आणि तुझ्या माहेरची मंडळी त्यातलीच. उरलेल्या तीन म्हणजे बॅप्टिस्ट, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि तुझ्या सासरची ब्रदरन. त्या म्हणायच्या, जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो त्यालाच बाप्तिस्मा. तीनास तीन. मतदानाने सुटणारा हा प्रश्न नव्हता, आणि एक बाजू हरवून सोडवला असता तर ते चर्चही झालं नसतं.

मग त्यांनी दोन्ही रीती घटनेत लिहून घेतल्या. एका वाटेने बाळाचा बाप्तिस्मा आधी होतो आणि मूल जाणतं झालं की दृढीकरणाच्या वेळी ते स्वतः विश्वास कबूल करतं. दुसऱ्या वाटेने बाळाचं समर्पण आधी होतं आणि जाणत्या वयात स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा. एखाद्या पाळकाच्या मनाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नसेल, तर त्याच्यावर सक्ती नाही, दुसऱ्या पाळकाला बोलावता येतं. नीट बघ, दोन्ही वाटांवर थांबे दोनच आहेत. एका थांब्यावर मूल काही बोलायच्या आधीच देवाची कृपा आणि घरच्यांचं वचन, दुसऱ्यावर मुलाचा स्वतःचा होकार. पाणी कुठल्या थांब्यावर, एवढाच वाद.

बाकी पाया सगळ्यांचा एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक देव. तारणासाठी जे लागतं ते सगळं पवित्र शास्त्रात आहे हा विश्वास. प्रेषितांचा आणि नायसीन असे दोन विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या विश्वासाच्या कबुल्या. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार. आणि चर्चने स्वतःपुढे ठेवलेली तीन कामं, एकता, साक्ष, सेवा. तुझ्या आईने आणि सासूबाईंनी हे सगळं आयुष्यभर म्हटलेलं आहे, एकाच शब्दांत, वेगवेगळ्या गावांत.

नागपुरातल्या त्या दिवसाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सहाही मंडळ्यांच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आम्हाला जे मिळालंय ते तुम्हाला मिळो, तुम्हाला मिळालंय ते आम्हाला, असा त्याचा भाव होता. तुमची सेवा आतापर्यंत खोटी होती, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. नगरकडच्या काँग्रिगेशनल लोकांना बिशप ठाऊकच नव्हते, त्यांची मंडळी आपला कारभार आपणच पाहायची. त्यांनी बिशप स्वीकारला. प्रत्येकाने काहीतरी सोडलं, पण आपला भूतकाळ कुणालाच नाकारावा लागला नाही.

म्हणूनच तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा जास्त लागलं. "तुझा तरी काय बाप्तिस्मा झाला?" आणि त्यावर नवऱ्याचं गप्प राहणं. लेकी, मला वाटतं तुझं मन तिथे अडकलंय. आता समर्पणाला हो म्हटलं, तर आपल्या हातानेच आपला बाप्तिस्मा, आपल्या आईबापांचं वचन, आजोबांची मंडळी सगळं रद्द केल्यासारखं होईल, अशी भीती तुला वाटते. तू ती लिहिली नाहीस, पण पत्रभर ती आहे. तेव्हा स्पष्ट सांगते. सासूबाईंचं वाक्य त्यांच्याच चर्चच्या शिकवणीला धरून नाही. सी.एन.आय.मध्ये तुझा बाप्तिस्मा त्यांच्याइतकाच पुरा आहे. नायसीन विश्वासांगीकारात आपण एकाच बाप्तिस्म्याची कबुली देतो, ती तुझ्या बाप्तिस्म्यालाही धरून.

पण त्या असं का बोलल्या, तेही समजून घे. त्यांच्या मंडळीचं मूळ जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावात आहे. 1708 साली अलेक्झांडर माक आणि त्याचे सोबती, पाच पुरुष आणि तीन बायका, एडर नदीत उतरले आणि त्यांनी जाणतेपणी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी तिथे मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणं हा गुन्हा होता. जमीनजुमला, गाव, कधी जीवही जाऊ शकत होता. माकला पहिला बाप्तिस्मा कुणी द्यायचा हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि ते नाव कधीच सांगायचं नाही असा शब्द एकमेकांना दिला, म्हणजे पुढे कुणा एकाचा मोठेपणा होऊ नये. ही मंडळी भारतात 1894 साली आली. पाण्यात गुडघे टेकून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पुढे वाकून डुबकी घ्यायची, ही त्यांची रीत. सासूबाईंचाही बाप्तिस्मा असाच झाला असेल. ज्यांच्या पूर्वजांनी या गोष्टीसाठी घरदार पणाला लावलं, त्यांना ती जिवापाड वाटणारच. तुला दुखवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, पण त्यांचा हट्ट आडमुठेपणाचा नाही एवढं तरी दिसतं.

आणि तुझ्या माहेरचंही जरा मुळापासून बघ. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला मिशनचं ठाणं बसलं. तिथल्या मंडळ्यांत पहिल्या पिढीचा बाप्तिस्मा कुणाचा होता? मोठ्या, जाणत्या माणसांचा. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला, तो घरदार, जात, गोत सगळं दुरावणार हे पुरतं माहीत असताना. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लगेच त्यांच्यामागे पाऊल टाकलं नाही. त्या कित्येक वर्षांनी, स्वतःच्या वाटेने आल्या. तुझ्या घराण्यातही कुणीतरी असंच पहिलं पाऊल टाकलं असणार. बाळाचा बाप्तिस्मा आला तो त्यांच्या पुढच्या पिढीत, आपल्या विश्वासाच्या घरात जन्मलेलं लेकरू पहिल्या दिवसापासून देवाच्या करारातलंच, या भावनेने. म्हणजे सासूबाई जे मागतात ते तुझ्या माहेराला परकं नाही. आणि तुझी आई जे मागते, ते त्या पहिल्या माणसाच्या धाडसाचंच फळ आहे.

शास्त्राचा आधार दोघींकडेही आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतो. तुझी आई हे दाखवील. त्याच पुस्तकात कूशी षंढ रथ थांबवून फिलिप्पाबरोबर पाण्यात उतरतो. ते सासूबाई दाखवतील. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, आणि ती जागा दोघीही दाखवतील. मग येशू त्या बाळांना कवेत घेतो आणि त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. पाण्याचा उल्लेख तिथे नाही, ना बाजूने, ना विरुद्ध.

आता त्या नऊ रात्री. काचेच्या पेटीबाहेर उभ्या असलेल्या आईला वाटतं, काहीतरी करून हिला देवाच्या हाती पक्कं सोपवावं. त्या भीतीला मी कमी लेखत नाही. पण ऐक, बाप्तिस्मा झाला नाही म्हणून बाळ देवाच्या हातून निसटतं, असं तुझ्या माहेरची मंडळी शिकवत नाही आणि सासरचीही नाही. त्या नऊ रात्री ती त्याच्याच हातात होती. आजही आहे. या एका बाबतीत दोन्ही आज्या एकाच बाजूला उभ्या आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नाही. म्हणून भीतीपोटी तारीख काढू नकोस. आनंदाने काढता येईल तेव्हाच काढ.

मग करायचं काय? बाळाचे आईबाप तुम्ही दोघं. आज्यांना बोलायचा हक्क आहे, ठरवायचा नाही. एक संध्याकाळ मोकळी काढा, बाळ झोपल्यावर. प्रत्येकाने आपल्या बाप्तिस्म्याबद्दल सांगायचं, तो आपल्याला काय देऊन गेला. वाद नाही, नुसतं सांगायचं. तुझा नवरा किती वर्षांचा होता, पाण्यात उतरताना कोण काठावर उभं होतं, घाबरला होता का? हे तुला माहीत आहे का? मला शंका आहे. आणि तुझ्या दृढीकरणाच्या दिवशी तुला काय वाटलं होतं, ते त्याने तरी कधी विचारलंय का? त्यानंतर तुमच्या पाळकांकडे जा, दोघं मिळून.

एवढं करूनही एकमत झालं नाही, तर माझा कौल समर्पणाकडे आहे. ते जास्त खरं आहे म्हणून नाही. समर्पण केलं तरी तुझी वाट उघडी राहते, वर्षाने दोन वर्षांनी तुमचं मन एक झालं तर बाप्तिस्मा करता येतो. बाप्तिस्मा आज केला तर नवऱ्याची वाट कायमची बंद, कारण बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही. ज्या पावलावरून परत फिरता येत नाही, ते दोघांपैकी एकाच्या मनाविरुद्ध टाकू नये.

पण हे फुकट द्यायचं नाही. त्या बदल्यात नवऱ्याकडे एक गोष्ट माग, आणि ती घेतल्याशिवाय हलू नकोस. त्याने आपल्या आईसमोर म्हणायचं की माझ्या बायकोचा बाप्तिस्मा खरा आहे, आणि आमच्या घरात पुन्हा कुणी त्यावर बोलायचं नाही. तो गप्प राहिला तेव्हा तू एकटी पडलीस. ते एकटेपण त्यालाच भरून काढावं लागेल. माझ्या मते सासूबाईंचं वाक्य तू सोडून देऊ शकशील, त्याचं गप्प राहणं नाही.

आणि दिवस ठरला की, समर्पणाचा असो वा बाप्तिस्म्याचा, दोन्ही आज्यांना पुढच्या बाकावर बसव. शास्त्रवाचन तुझ्या आईला दे, प्रार्थना सासूबाईंना. किंवा उलट. सासूबाईंच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायची रीत आहे, योहानाच्या तेराव्या अध्यायावरून. एखाद्या निवांत दिवशी त्यांना विचार, तुमच्याकडे ते कसं करतात. मनातलं बोलायला त्यांना तुझ्याकडून असा एखादा प्रश्न पुरेल, असं मला वाटतं.

आईला मात्र आजच फोन कर. तिला हे सगळं समजावत बसू नकोस, फोनवर ते व्हायचं नाही. एवढंच सांग, "आई, नाताळला येतोय. तिघंही येतोय."

तुझी,
मावशी