किनाऱ्यावर जाण्याआधी तिथी बघा

प्रश्न : दिवाळीनंतरच्या आठवड्यात तीन दिवस गुहागरला होतो. रोज साडेपाचलाच किनाऱ्यावर जाऊन उभा राहायचो. ओल्या वाळूत आकाशाचे रंग उतरलेले फोटो तुमच्या सदरात पाहिले होते, तसा एकही मला मिळाला नाही. पाणी बरंच वर आलेलं, पायाखाली कोरडी वाळू. वेळ चुकली की जागा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जागा उत्तम होती, वेळही ठीक होती. तिथी जुळली नाही. तुम्ही कळवलेल्या तारखा पंचांगात पाहिल्या. कार्तिक शुद्ध सप्तमी ते नवमी. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्यास्ताच्या सुमाराला भरती असते आणि तुम्हाला हवा असलेला सपाट, चकचकीत वाळूचा पट्टा पाण्याखाली जातो.

किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईपेक्षा आधी येते. म्हणून दिवस तिथीवरून ठरवा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

माझी पसंती पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढच्या तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळींना. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि सूर्य खाली येत असताना वाळू नुकती उघडी पडलेली असते. तृतीयेला तर सूर्यास्ताच्या वेळी पाणी अजून उतरतच असतं, त्यामुळे लाट परत गेली की मागे पाण्याचा पातळ थर राहतो. आकाश दिसतं ते त्या थरात, आणि तो काही सेकंदच टिकतो. कॅमेरा वाळूपासून हातभर उंचीवर आणा, फेस मागे सरकू लागला की बटण दाबा. ट्रायपॉड असेल तर आयएसओ १००, एफ/११ आणि अर्ध्या सेकंदाचं शटर लावून बघा. परतणाऱ्या फेसाच्या रेघा उमटतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवा, नाहीतर पहिल्याच लाटेने पायाखालची वाळू जाते आणि फोटो हलतो.

आणखी एक, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या फोटोंत सूर्य मधोमध आहे. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतं. मोबाइलच्या रुंद लेन्समध्ये त्याचा ठिपकाच होणार. त्याच्याकडे पाठ करून, निदान तो खांद्याशी येईल असं उभं राहून, सूर्यास्ताआधीचा तासभर बघा. ओहोटीला छोटे खेकडे बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढतात. दुपारी ती नजरेलाही पडत नाही. साडेपाचच्या तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक गोळीची एक बाजू सोनेरी होते आणि दुसऱ्या बाजूला तिच्याहून लांब सावली पडते. गुडघ्यावर बसून काढलेला तो एक फोटो मला दहा लाल बिंबांपेक्षा प्रिय आहे. हर्णै बंदरातही तेच. मासळीचा लिलाव संध्याकाळीच रंगतो. समुद्राकडे तोंड केलंत तर होड्या आणि माणसं काळ्या आकृत्या होतात. पाण्याच्या बाजूला जाऊन गावाकडे बघितलंत तर होड्यांचे निळे-हिरवे रंग, टोपलीतली पापलेटं, बोली लावणाऱ्या बायकांचे चेहरे, सगळं उजळून येतं. फक्त चेहऱ्यांचे फोटो विचारून काढा, ती त्यांची कामाची वेळ असते.

प्रश्न : डोळ्यांना आकाश केशरी दिसत होतं, फोटोत पांढरट आलं. जमीन मात्र काळी. मोबाइल बदलायला हवा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुळीच नको. रंग घालवला तो ऑटो व्हाइट बॅलन्सने. केशरी छटा म्हणजे दोष समजून तो ती पुसायला बघतो. प्रो मोडमध्ये 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी' निवडा. पांढरटपणाचं दुसरं कारण जास्त झालेलं एक्स्पोजर. सूर्याच्या बाजूच्या आकाशावर बोट दाबून धरा, लॉक झालं की उजेड थोडा खाली ओढा. जमीन काळी होईल, तर होऊ द्या. माडाची किंवा होडीच्या डोलकाठीची स्वच्छ आकृती चौकटीत घ्या, म्हणजे तो काळोखही कामी येतो.

आणि बिंब बुडाल्यावर लगेच वडापावच्या गाडीकडे वळू नका. पुढची वीस-पंचवीस मिनिटं बघण्यासारखी असतात. वर ढग असतील तर खरा रंग तेव्हाच चढतो, कारण खाली गेलेला सूर्य ढगांना पोटाकडून उजळतो. ऑक्टोबरात, पाऊस हवा धुऊन गेल्यावर, हे छान जमतं. एप्रिल-मे महिन्यांत धुरकट हवेमुळे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो.

प्रश्न : हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर सूर्यास्त टिपायचा आहे. कुठे उभं राहावं? (एक वाचक, महाड)

उत्तर : कुठे, याआधी केव्हा ते ठरवा. भरतीला हा मार्ग पाण्याखाली जातो आणि खडकांवरून लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. सप्तमी ते एकादशीच्या संध्याकाळी खाली उतरूच नका. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी असते, तेव्हा जा. तरीही परतायची वेळ तक्ता बघून आधीच पक्की करा आणि टॉर्च जवळ ठेवा. पायऱ्या उतरल्यावर खडकांना पडलेली जाळी दिसेल. सूर्य बाजूला ठेवून तिच्या अगदी जवळ जा. प्रत्येक छिद्राची कड उजळते आणि आत काळोख राहतो.

सूर्यास्ताची दिशाही वर्षभर सरकते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. कुणाचा मार्चमधला फोटो पाहून डिसेंबरात त्याच कड्याशेजारी सूर्य शोधू नका. शिवाय टेलिलेन्स लावून, बिंब तेजस्वी असताना, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. स्क्रीनवर बघूनच चौकट ठरवा. खोलीवर परतलात की आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने कॅमेरा आणि ट्रायपॉड पुसून घ्या. लेन्सच्या काचेवरची वाळू ब्लोअरने उडवल्याशिवाय तिला कापड लावू नका.