कपींची बुद्धी आणि माणसाची उत्क्रांती: पुरावा कुठवर पोचतो

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. चिंपांझी खुणांची भाषा शिकतो, दगडाने कवच फोडतो, कोडी सोडवतो. मग यातून माणसाची उत्क्रांती सिद्ध होते का? आणि होत असेल, तर शिकवलेले वानर पिढ्यान्‌पिढ्या हुशार होत शेवटी माणूस का होत नाहीत? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. बहुतेक वाद ती एकत्र केल्यामुळेच अडकतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा प्राणी, आणि माकड म्हणजे लाल तोंडाचं. दोघांनाही शेपूट असते. आपला विषय आहे कपी: चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि आकाराने लहान असलेले गिबन. यांना शेपूट नसते. माणसाची आणि चिंपांझी-बोनोबोंची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, गोरिलाची त्याच्याही आधी, आणि ओरांगउटानची सव्वा कोट वर्षांपूर्वी किंवा आणखी मागे. हा क्रम लक्षात ठेवा, पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

नात्याचा पुरावा बुद्धीवर अवलंबून नाही. चिंपांझी उद्या ठार मठ्ठ निघाला तरी ते नातं तसंच राहील. मोठ्या कपींमध्ये गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि आपल्यात २३, कारण दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून आपलं क्रमांक २ चं गुणसूत्र बनलं. त्या सांध्याच्या खुणा आजही त्यावर वाचता येतात. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्यात आणि कपींमध्ये सारखंच बिघडलेलं आहे. नातं ठरतं ते अशा खुणांवरून आणि जीवाश्मांवरून. कपींच्या बुद्धीचा अभ्यास दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: आपल्या डोक्यातल्या कोणत्या गोष्टी जुन्या आहेत आणि कोणत्या नव्या? या प्रश्नासाठी तो जवळजवळ अनिवार्य आहे, कारण मेंदूचं काम जीवाश्मात उरत नाही. उरते ती कवटीची पोकळी. चिंपांझीत ती ४०० घन सेंटिमीटरच्या आसपास असते आणि आपल्यात १३५० च्या. आकडा मिळतो, पण आत काय चालत होतं ते कळत नाही.

मग तुलना करायची कशी? एखादी क्षमता चारही मोठ्या कपींत आणि माणसात दिसली, तर ती सगळ्यांच्या समान पूर्वजात असावी हा सर्वांत सरळ अंदाज. फक्त चिंपांझी, बोनोबो आणि माणसात दिसली, तर ती त्याहून अलीकडची. फक्त चिंपांझीत दिसली, तर ती आपल्या पूर्वजात होती असं म्हणायला काहीच आधार नाही.

लोक नेमके इथेच घसरतात. दगडाने कवच फोडणं मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझींत आढळतं. पूर्व आफ्रिकेतले चिंपांझी ते करत नाहीत, आणि जंगलातले बोनोबो एकूणच हत्यारं फार कमी वापरतात. म्हणजे ‘चिंपांझी दगड वापरतो, म्हणून ६० लाख वर्षांपूर्वीचा आपला पूर्वजही वापरत होता’ हे अनुमान टिकत नाही. मात्र बंदिवासात संधी मिळाली की चारही मोठे कपी काठी-दोरी-दगड वापरायला शिकतात. तेव्हा क्षमता जुनी, पण सवय स्थानिक आणि अलीकडची असू शकते. हा भेद निसटला की चिंपांझी ‘आपला जिवंत पूर्वज’ होऊन बसतो. तो तसा नाही. त्याच्याकडेही ६० लाख वर्षांची स्वतःची उत्क्रांती आहे.

उलट बाजूचा धोका म्हणजे समान उपाय वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे सापडणं. न्यू कॅलेडोनियातले कावळे काड्यांचे आकडे बनवतात. ब्राझीलमधली कापुचिन माकडं दगडावर दगड आपटतात आणि त्यातून धारदार छिलके पडतात. ते आदिमानवाच्या छिलक्यांसारखे दिसतात, पण माकडं ते वापरत नाहीत. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा जुन्या दगडी अवशेषांकडे बघण्याची पद्धतच बदलावी लागली. छिलका सापडला म्हणून हेतू सापडला असं होत नाही.

आता शिकण्याकडे येऊ. माझ्या मते खरा ऐवज इथे आहे, बुद्धीच्या गुणपत्रिकेत नाही.

गिनीतल्या बोसू इथे तेल-पामच्या बिया फोडायला चिंपांझीला तीन वस्तू एकत्र जुळवाव्या लागतात: खालचा सपाट दगड, त्यावर बी, हातात दुसरा दगड. खालचा दगड डुगडुगत असेल तर क्वचित एखादा चिंपांझी त्याखाली तिसरा दगड पाचरीसारखा सरकवतो. पिल्लू आधी एकेक वस्तू हाताळतं, मग दोन जोडतं: बी दगडावर ठेवतं, पण मारायला तळहात वापरतं किंवा हातात दगड न घेताच आपटतं. तिन्ही गोष्टी क्रमाने जमायला साधारण तीन ते पाच वर्षांचं वय यावं लागतं. या काळात जमलं नाही, तर पुढे सहसा जमतच नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात मोठ्यांइतकी सफाई यायला आणखी कित्येक वर्षं जातात. आई हात धरून शिकवत नाही. ती पिल्लाला अगदी जवळ बसू देते, आपला दगड घेऊ देते, फोडलेला गर उचलू देते. शिकवण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट काँगोमधल्या गुआलूगो इथे दिसते. तिथे वाळवी काढण्यासाठी दोन हत्यारं लागतात, भोक पाडायची दांडी आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली काडी, आणि आया आपली काडी पिल्लाला देऊन टाकतात. ताईमध्येच उत्खननात चिंपांझींची ४३०० वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली आहेत, म्हणजे ही परंपरा कित्येक पिढ्यांची आहे.

१९९९ साली आफ्रिकेतल्या सात ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. अशी ३९ वर्तनं निघाली जी एका ठिकाणी रूढ आहेत आणि दुसरीकडे नाहीत, आणि हवामान किंवा झाडांच्या फरकाने त्यांचा उलगडा होत नाही. सुमात्रातल्या ओरांगउटानांतही अशा स्थानिक रीती आहेत. परंपरा शिकण्याची ही मुळं तर आपल्याकडे नक्कीच जुनी आहेत.

मग फरक कुठे पडतो? २००७ च्या एका मोठ्या चाचणीत १०६ चिंपांझी, ३२ ओरांगउटान आणि अडीच वर्षांची १०५ मुलं होती. वस्तू, जागा आणि प्रमाण यांच्या कोड्यांत मुलं आणि चिंपांझी जवळजवळ बरोबरीत. पण दुसऱ्याचं बघून शिकणं, इशारा समजणं, हेतू ओळखणं यात मुलांची उत्तरं ७४ टक्के बरोबर, आणि दोन्ही कपींची सुमारे एक तृतीयांश. यावर एक रास्त आक्षेप आहे. मुलांची चाचणी त्यांच्याच जातीच्या प्रौढाने घेतली, तर कपींची परक्या जातीच्या प्रौढाने. म्हणून तो आकडा अंतराचं अचूक माप मानू नका, दिशा म्हणून घ्या.

त्या दिशेला दुजोरा देणारा प्रयोग २००५ चा आहे. एका पेटीतून खाऊ काढायची कृती दाखवली. तिच्यात काही हालचाली कामाच्या, काही निव्वळ बिनकामाच्या. पेटी अपारदर्शक असताना चिंपांझीने सगळ्या हालचाली केल्या. पारदर्शक पेटीत बिनकामाच्या हालचाली दिसल्याबरोबर त्याने त्या सोडून दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र समोर दिसत असूनही सगळ्या तशाच्या तशा केल्या. पहिल्या वाचनात चिंपांझी हुशार वाटतो. पण ज्या कृतीचं कारण डोळ्यांना दिसत नाही, ती टिकवायची असेल तर मुलांचीच पद्धत चालते. विषारी कंद किती वेळा धुवायचा, चिकणमाती किती मळायची, यांची कारणं करणाऱ्यालाही ठाऊक नसतात. निष्ठेने केलेली नक्कल ज्ञान गळू देत नाही, आणि न गळलेल्या ज्ञानावरच पुढची पिढी भर घालते.

चिंपांझींत अशी भर दिसतच नाही, असं पूर्वी ठामपणे म्हटलं जायचं. ते आता थोडं सैल करावं लागतं. झांबियातल्या एका अभयारण्यात ६६ चिंपांझींसमोर तीन महिने एक पेटी होती आणि एकालाही ती उघडता आली नाही. मग दोघांना शिकवलं, आणि त्यांच्याकडे बघून आणखी १४ जण शिकले. स्वतःला न सुचणारी गोष्टही चिंपांझी बघून उचलू शकतो, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. फरक ‘आहे-नाही’चा नाही. सातत्याचा आणि वेगाचा आहे.

भाषेच्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. निम चिंपांझीने सव्वाशेच्या आसपास खुणा उचलल्या, पण चित्रफिती बारकाईने तपासल्यावर दिसलं की त्याच्या बऱ्याच खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल होत्या, आणि वाक्यांची लांबी वाढत नव्हती. कान्झी हा बोनोबो चिन्हांची पाटी शिकला तो शिकवणी त्याच्या पालक-आईची चालू असताना, बाजूला खेळता खेळता. ६६० बोली सूचनांपैकी त्याने ७२ टक्के बरोबर पाळल्या, आणि तुलनेला घेतलेल्या दोन वर्षांच्या मुलीने ६६ टक्के. समज बरीच, रचना फार थोडी. त्याच कान्झीला दगडाचे छिलके पाडायलाही शिकवलं होतं. दोरी कापून खाऊची पेटी उघडायची हे बक्षीस. त्याला जमलं, पण हातात धरून मारण्याऐवजी कडक फरशीवर दगड फेकण्याची युक्ती त्याने स्वतःच काढली. इथिओपियातल्या गोना इथली हत्यारं २६ लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांतले प्रहार बोनोबोंच्या प्रहारांपेक्षा स्पष्टपणे सफाईदार आहेत. म्हणजे सर्वांत जुन्या कारागिरांतले हे लोकही आजच्या प्रशिक्षित बोनोबोच्या पुढे होते. केनियातल्या लोमेक्वीचे दगड तर ३३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आपल्या ‘होमो’ प्रजातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष २८ लाख वर्षांपूर्वीचे. पहिला दगड मोठा मेंदू येण्याआधी उचलला गेला.

इथून तुमच्या दुसऱ्या भागाकडे. शिकलेली गोष्ट बीजपेशीत उतरत नाही. कान्झीसारख्या शिकलेल्या कपीचं अपत्यही जन्मतः पाटी वाचू शकणार नाही. त्यामुळे शिकवत राहिलं की कपी माणूस होईल, हे मुळातच होत नाही. आणि माणूस हे कुठलं ठरलेलं ठिकाणही नाही, जिकडे ते निघालेत. पण शिकण्याचा उत्क्रांतीशी आडवाटेने संबंध आहे, आणि तो खरा आहे. १८९६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्क बाल्डविनने तो मांडला. शिकलेली सवय प्राण्याला नव्या परिस्थितीत टिकवते, आणि मग त्या परिस्थितीत ज्यांच्या शरीराला ती सवय सोपी जाते त्यांची निवड होते. सर्वांत स्पष्ट उदाहरण दुधाचं. जनावरं पाळून दूध पिणं ही शिकलेली रीत, आणि तिच्यामुळे गेल्या सुमारे १० हजार वर्षांत काही मानवसमूहांत मोठेपणीही दूध पचवणारी जनुकं पसरली. अंगठ्याच्या टोकापर्यंत जाणारा आपला जाड, स्वतंत्र स्नायू चिंपांझीत वेगळा असा जवळजवळ नसतोच. दगड पकडण्याच्या सवयीने त्याची निवड झाली असावी, हा अंदाज याच धाटणीचा.

यापुढे ‘चिंपांझीने अमुक करून दाखवलं’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी बघा की किती प्राणी होते. एकटा प्राणी असेल तर ती शक्यता सिद्ध करते, प्रमाण नाही. सरावाचा हिशेबही मागा. अयुमू या चिंपांझीची आकडे लक्षात ठेवण्याची ख्याती २००७ पासून गाजली, पण माणसांना तेवढाच सराव दिल्यावर ती बरोबरी साधली गेली. शिकणं बघून झालं की स्वतः सुचून, हे तपासायला एकाच पेटीच्या दोन वेगळ्या उघडण्याच्या रीती लागतात: एका गटाला एक दाखवायची, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला काहीच नाही. तिसरा गट नसेल तर ‘संस्कृती’ हा शब्द मान्य करू नका. आणि परीक्षकाला उत्तर माहीत असेल तर त्याच्या नकळत केलेल्या हालचालीच प्राणी वाचत असतो. हान्स नावाच्या घोड्याचं ‘गणित’ १९०७ मध्ये असंच उलगडलं होतं.

हे सगळं तपासायला वेळ मात्र फार थोडा उरला आहे. २०१९ मध्ये चिंपांझींच्या १४४ गटांतली ३१ वर्तनं तपासली गेली. जिथे माणसाचा वावर सर्वाधिक, तिथे यांपैकी कुठलंही वर्तन आढळण्याची शक्यता ८८ टक्क्यांनी कमी होती. बोसूच्या गटाची संख्या तर एक आकडी झाली आहे. बिया तिथे अजून पडतात, दगडही आहेत, पण शेजारी बसून बघणारी पिल्लं फारशी राहिलेली नाहीत.